कम्युनिकेशनची डिग्री घ्यावी का? बारा वर्षं काम केल्यानंतरचा रिव्ह्यू

मावसबहिणीचा मेसेज आला, ताई मी कम्युनिकेशनला ॲडमिशन घेऊ का, आणि गेल्या दोन महिन्यांत हाच प्रश्न तिसऱ्यांदा आलाय म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढते. मी तीन वर्षांची डिग्री केली, मग दोन वर्षांचं मास्टर्स केलं आणि आता १२ वर्षं याच कामावर माझं घर चालतंय. आधी एका पीआर एजन्सीत, मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या कम्युनिकेशन विभागात, आणि सध्या एका कंपनीत इंटर्नल कम्युनिकेशन बघते, म्हणजे कंपनीतल्या लोकांना कंपनीतच काय चाललंय ते वेळेवर आणि समजेल असं कळवणं. माझं रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, आणि तो विचार करून कापलाय.

आधी हा विषय नेमका काय आहे ते, कारण ॲडमिशन घेतलेल्या निम्म्या मुलांनाही ते माहीत नसतं. कम्युनिकेशन म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यासमोर एकतर हातात माइक घेतलेली न्यूज अँकर येते नाहीतर फाडफाड बोलायला शिकवणारा क्लास. हे दोन्ही या विषयाच्या कडेला आहेत, पण गाभा वेगळाच आहे. मुळात हा विषय वेगवेगळ्या घरांतून आलेल्या लोकांनी मिळून उभा केलाय. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठात १९०८ला पत्रकारितेचं स्कूल सुरू झालं, ते एक घर. १९१४ला भाषण शिकवणारे १७ शिक्षक इंग्रजीच्या शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली, ते दुसरं घर. मग पुढच्या काही दशकांत लॅसवेल आला तो राज्यशास्त्रातून, लझार्सफेल्ड समाजशास्त्रातून, हॉवलंड मानसशास्त्रातून, आणि शॅनन तर बेल लॅब्जमधला गणिती, त्याला टेलिफोनच्या तारेतून सिग्नल कसा पाठवायचा एवढंच सोडवायचं होतं. त्यामुळे आजही दोन विद्यापीठांतली एकाच नावाची डिग्री आतून पूर्ण वेगळी असू शकते, एका ठिकाणी सगळा भर कॅमेरा आणि बातमीवर, दुसरीकडे भाषण, वादविवाद, माणसामाणसांतलं बोलणं, तिसरीकडे सर्वे आणि आकडे. नाव बघून ॲडमिशन घेऊ नका, विषयांची यादी मागवा आणि ती ओळ न ओळ वाचा.

पहिलं वर्ष मला जड गेलं, खरं सांगते. लॅसवेलचं १९४८चं ते प्रसिद्ध वाक्य, कोण बोलतंय, काय बोलतंय, कुठल्या माध्यमातून, कोणाला आणि परिणाम काय झाला, हे आम्ही इतक्या वेळा लिहिलं की त्याचा अर्थच निघून गेला. शॅननची आकृती पण तशीच, पाठवणारा, वाट, मधला गोंगाट, घेणारा. आमच्या मॅडमनी मात्र एक गोष्ट तेव्हाच डोक्यात घातली, की शॅननने स्वतःच लिहून ठेवलंय, संदेशाचा अर्थ काय हा माझ्या गणिताचा प्रश्नच नाही. म्हणजे सिग्नल पोचला तरी अर्थ पोचेलच असं नाही, आणि आपला सगळा विषय त्या उरलेल्या भागात आहे.

त्याच मॅडमची एक असाइनमेंट मी आयुष्यभर विसरणार नाही. त्यांनी प्रत्येकाला हॉस्पिटलमधून घरी सोडताना देतात तसला सूचनांचा एक कागद दिला. पाच अनोळखी माणसांना तो वाचून दाखवायचा आणि मग फक्त एवढंच म्हणायचं, आता हे तुमच्या शब्दांत मला सांगा. मध्ये सुधारायचं नाही, मान हलवायची नाही, ऐकायचं आणि शब्द न शब्द लिहून घ्यायचं. माझ्या कागदावर होतं, गोळी रिकाम्या पोटी घ्यावी. मला वाटलं यात न कळण्यासारखं काय आहे. एका आजींनी सांगितलं, सकाळी उठल्याउठल्या. एक काका म्हणाले, जेवायला बसायच्या अगदी आधी. एकजण म्हणाला, जेवून दोन तास झाले की पोट रिकामंच. एका मुलाला वाटलं की गोळी घेतली की दिवसभर काही खायचंच नाही. आणि पाचव्या बाई म्हणाल्या, हो हो कळलं, पण सांगा म्हटल्यावर त्यांना काहीच सांगता येईना. पाच माणसं, चार वेगवेगळे अर्थ आणि एक कोरं, आणि प्रत्येकाने मला आधी 'कळलं' म्हणून सांगितलं होतं. आरोग्याच्या क्षेत्रात याला टीच बॅक म्हणतात, डॉक्टर आणि नर्स लोकांनाही हल्ली शिकवतात. मी त्या दिवशी घरी येऊन माझी आधीची सगळी असाइनमेंट्स काढून वाचली आणि मला कळेना की यातलं नक्की कोणाला काय समजलं असेल.

या डिग्रीची सगळ्यात मोठी देणगी माझ्या मते हीच. लिहायला, बोलायला, शूट करायला तुम्ही इतर कुठेही शिकाल, व्हिडिओ बघून शिकाल. पण आपण जे सांगितलं त्यातलं समोरच्याने काय ऐकलं, हे जाऊन तपासायची सवय ही डिग्री लावते, म्हणजे नीट शिकवली तर लावते.

आणि ती सवय लागते सगळ्यात कंटाळवाण्या समजल्या जाणाऱ्या पेपरात, रिसर्च मेथड्समध्ये. आमच्या वर्गात सगळे त्याला नाकं मुरडायचे, मीही मुरडली. मग कंटेंट ॲनालिसिसचं प्रोजेक्ट आलं. मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी अपघाताच्या त्याच ६० बातम्या वेगवेगळ्या बसून वाचायच्या आणि प्रत्येक बातमीत दोष कोणावर टाकलाय ते कोडिंग शीटमध्ये भरायचं, चालक, रस्ता, वाहन, की कोणावरच नाही. आम्ही एकमेकींना इतक्या ओळखायचो की वाटलं उत्तरं सारखीच येणार. शीट शेजारी शेजारी ठेवल्या तर जवळजवळ एक तृतीयांश बातम्यांत आम्हा दोघींचं वेगळं होतं! 'भरधाव गाडीने धडक दिली' हे वाचून ती लिहायची चालक आणि मी लिहायची वाहन, कारण वाक्यात माणूसच नव्हता. दोघींचा ताळमेळ मोजायचं एक गणित असतं, त्यात सगळं जुळलं तर १ येतो आणि ०.८च्या वर आकडा आला तर काम ग्राह्य धरतात, आमचा त्याच्या खूप खाली. मग नियम पुन्हा लिहिले, पुन्हा कोडिंग केलं, पुन्हा भांडलो, तिसऱ्या खेपेला जमलं. एका वाक्यात कर्ता कुठे लपवलाय हे तेव्हापासून मला दिसायला लागलं ते आजही प्रत्येक प्रेस नोटमध्ये, प्रत्येक ऑफिसच्या मेलमध्ये दिसतं.

थिअरीचे पेपर सुद्धा दुसऱ्या वर्षापासून जिवंत झाले, कारण सूत्रं पाठ करणं बाजूला पडून अभ्यास कसे केले ते वाचायला लागलो. १९४०च्या अमेरिकन निवडणुकीत लझार्सफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओहायोच्या एका काउंटीत साधारण ६०० लोकांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून विचारलं, रेडिओ आणि पेपर लोकांची मतं बदलतात हे बघायला गेले होते, आणि सापडलं असं की मत पार फिरलेले लोक फार थोडे आणि बऱ्याच जणांवर असर होता तो ओळखीच्या, जास्त वाचणाऱ्या माणसांचा. मग मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांचा अमेरिकेतल्याच चॅपल हिल गावातला १९६८चा अभ्यास, न ठरलेले फक्त १०० मतदार, आणि निष्कर्ष असा की माध्यमं काय विचार करायचा ते फारसं ठरवत नसतील पण कशाबद्दल विचार करायचा ते मात्र ठरवतात. १०० माणसांवरचा अभ्यास जगभर शिकवला जातो याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं, प्रश्न नीट विचारला तर छोटा सॅम्पल पण पुरतो कधी कधी.

पण माझं मन सगळ्यात जास्त लागलं ते ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशनमध्ये, म्हणजे संस्थेच्या आत माहिती कशी फिरते त्यात, आणि त्यातही चॅलेंजर या नासाच्या अवकाशयानाच्या केसमध्ये. २७ जानेवारी १९८६च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर फोनवरच्या मीटिंगमध्ये नासाला सांगत होते की एवढ्या थंडीत सोडू नका, ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली आम्हाला खात्री नाही. नासाकडून उलटे प्रश्न आले, कंपनीच्या मॅनेजर लोकांनी थोडा वेळ फोन म्यूट करून आपसात बोलून घेतलं आणि परत आले ते होकार घेऊन. सकाळी उड्डाण झालं आणि ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. माहिती होती, ती बोलून पण दाखवली होती, आणि तरी ती जिथे पोचायची तिथे तशी पोचली नाही! आम्ही त्या मीटिंगवर दोन आठवडे बोलत होतो, कोणी काय म्हटलं, कुठला तक्ता कसा काढला होता, कोण गप्प बसलं, नाही म्हणायची जबाबदारी कोणावर होती आणि ती मध्येच कधी उलटी झाली. मी आज इंटर्नल कम्युनिकेशनमध्ये आहे ते त्या दोन आठवड्यांमुळेच.

आता कापलेला स्टार. आमच्या विभागात करिअरबद्दल जे सांगायचे ते अगदी तोकडं होतं. पत्रकारिता, जाहिरात, पीआर, संपलं. इंटर्नशिप म्हणून मला जिथे पाठवलं तिथे तीन महिने मी दुसऱ्यांच्या बातम्यांची कात्रणं स्कॅन केली आणि याद्या बनवल्या, कोणी एकदाही बसवून शिकवलं नाही, आणि विभागातूनही कोणी फोन करून विचारलं नाही की तिथे काय चाललंय. सर्टिफिकेट मात्र सुंदर मिळालं. शिवाय ग्रुप प्रोजेक्ट, म्हणजे पाचातल्या दोघांनी काम करायचं आणि पाचांना मार्क, यावर कोणीच काही करत नाही आणि ज्या विषयात माणसामाणसांतलं बोलणं शिकवतात तिथे हे चालावं याचा मला मनापासून राग आहे. स्टुडिओचं पण तसंच, माहितीपत्रकात दोन पानभर फोटो आणि प्रत्यक्षात सेमिस्टरमधून दोनदा दार उघडलेलं. आणि आकडेवारीचा एकच पेपर, तो पण ऐच्छिक. नोकरीत सगळ्यात आधी हेच विचारतात, मेल किती जणांनी उघडली, लिंक किती जणांनी दाबली, मग त्यातून काय कळलं ते सांग, आणि आम्ही एक्सेल समोर बघत बसायचो.

कामं मात्र खूप आहेत आणि बरीचशी अशा ठिकाणी आहेत जिथे कम्युनिकेशनची पाटी लावलेली नसते. माझ्या बॅचची एक मुलगी ॲपमधली वाक्यं लिहिते, बटणावर 'रद्द करा' लिहायचं की 'परत जा', यावर तिचे दिवस जातात आणि जावेतच, कारण चुकीच्या बटणाने कोणाचं तरी भरलेलं सगळं पुसलं जातं. एकजण मशीनचे मॅन्युअल लिहितो. एकजण आपत्तीच्या सूचना तयार करणाऱ्या टीममध्ये आहे, त्याच्याकडून कळलं की लोक धोक्याची सूचना ऐकून लगेच घर सोडत नाहीत, आधी शेजाऱ्याला विचारतात, नातेवाइकांना फोन करतात, दुसरीकडून खात्री करतात, म्हणून सूचना एकाच वेळी चार ठिकाणांहून आणि त्याच शब्दांत जावी लागते, आणि मला लगेच ओहायोचा तो अभ्यास आठवला. याशिवाय संस्थांसाठी देणग्या उभ्या करणारे, मार्केट रिसर्चवाले, मीडिया प्लॅनर, सरकारी माहिती विभागातले, विज्ञान सोपं करून सांगणारे, आणि पीएचडी करून शिकवणारे. पत्रकार म्हणाल तर अख्ख्या बॅचमधून दोघंच टिकलेत, दोघंही फार चांगलं काम करतात आणि दोघंही दमलेले असतात.

पीआर एजन्सीची नोकरी सुरुवातीला मिळायला सोपी आणि शिकायला चांगली, पण पिळून काढते. माझी एक प्रेस नोट जुन्या तारखेसकट बाहेर गेली होती, क्लायंटकडच्या तीन जणांनी बघून ओके केलेली, मीही बघितलेली, आणि कोणालाच तारीख दिसली नव्हती. त्या दुपारी मी एकेका रिपोर्टरला फोन करून चूक सांगितली, आमची चूक आहे, ही बरोबर तारीख, लेखी पण पाठवते, एवढंच. कोणी ओरडलं नाही. क्रायसिस कम्युनिकेशनच्या पेपरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं अमेरिकेतलं १९८२चं प्रकरण शिकलो होतो, कोणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं, शिकागो भागात सात माणसं गेली आणि ते औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, लोकांना उघड सांगितलं की घेऊ नका आणि मग सहज उघडता न येणाऱ्या पॅकिंगमध्ये औषध परत आणलं. माझी तारखेची चूक त्यापुढे काहीच नाही, पण आपण होऊन, लवकर, सरळ सांगायचं हे मी तिथूनच उचललं होतं.

हॉस्पिटलमधली नोकरी माझ्यासाठी सगळ्यात समाधानाची. तिथे तपासणीला बोलावताना जे पत्र जायचं त्यात होतं, 'प्रक्रियेपूर्वी सहा तास निराहार राहावे', आणि रोज कोणीतरी चहा घेऊन यायचं आणि तपासणी पुढे ढकलली जायची, आजारी माणूस परत घरी. सगळे म्हणायचे लोक वाचतच नाहीत. मी दोन सकाळी वेटिंगमध्ये बसून दहाबारा जणांना विचारलं, पत्र तुमच्या शब्दांत सांगा. सगळ्यांनी वाचलं होतं! चहा म्हणजे खाणं नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं, आणि सहा तास कुठून मोजायचे, घरून निघायच्या वेळेपासून की तपासणीच्या वेळेपासून, यात गोंधळ होता. आम्ही पत्रात किती वाजल्यापासून खायचं नाही ती वेळ लिहायला रिकामी चौकट ठेवली, चहा-दूध चालणार नाही असं स्पष्ट घातलं, पाणी आणि रोजच्या गोळ्यांचं काय करायचं त्या ओळी डॉक्टरांकडून लिहून घेतल्या. महिनाभराने तिथल्या सिस्टर स्वतःहून सांगायला आल्या की आता परत पाठवावं लागणारे फार कमी झालेत. पगार त्या नोकरीत बेताचाच होता, तरी ते एक पानाचं पत्र मी अजून जपून ठेवलंय.

पैशाचं स्पष्टच सांगते, पहिली तीन-चार वर्षं हात आखडताच राहतो आणि बरोबरीचे इंजिनियर पुढे जाताना दिसतात. त्यानंतर ज्याच्याकडे एखादा दुसरा विषय असतो त्याचं बरं चालतं, आरोग्य, कायदा, पर्यावरण, पैसा, काहीही, पण एक विषय खोल माहीत हवा. नुसतं छान लिहिता येतं एवढ्यावर आता भागत नाही, पहिला मसुदा तर एआय दोन मिनिटांत काढून देतं, मी रोज वापरते. पण ते कोणाला सांगायचंय, त्या माणसाला आधी काय माहीत आहे, तो कशाला घाबरलाय, हे त्याला कोणीतरी जाऊन विचारावं लागतं, आणि जे विचारून येतात त्यांना काम कमी पडलेलं मी तरी पाहिलं नाही.

बोलायला आवडतं म्हणून येऊ नका. लोकांना ऐकायला आवडत असेल तर या, लाजाळू असाल तरी चालेल, आमच्या बॅचमधले सगळ्यात चांगले मुलाखती घेणारे दोघं वर्गात तोंड उघडायचे नाहीत. तेच तेच वाक्य आठ वेळा खोडून लिहायचा कंटाळा असेल तर मात्र हे काम रोज त्रास देईल.

बहिणीला मी सांगितलंय की विभागाची इमारत आणि स्टुडिओ बघण्यात वेळ घालवू नकोस, शेवटच्या वर्षातल्या दोन मुलांना गाठ आणि विचार की तुम्ही केलेली कुठली गोष्ट कॉलेजच्या बाहेरच्या माणसाने वापरली, आणि ती वापरल्यावर त्याला जाऊन कोणी विचारलं का. मेथड्स कोण शिकवतं ते विचार, आकडेवारीचा पेपर सक्तीचा आहे का ते विचार, इंटर्नशिपवर लक्ष कोण ठेवतं त्याचं नाव विचार. ती गुरुवारी जाणार आहे एका ठिकाणी. प्रश्न तिने वहीत लिहून घेतलेत आणि मला फोनवर तिच्या शब्दांत परत सांगितले, त्यातला एक तिने मी म्हटलं त्याच्यापेक्षा चांगला केला होता.